उपकारस्तुतीचं पिठलं

माझा मुलगा परदेशात अटकेत होता तेव्हा मी देवाला बोलले होते, की तो सुटून घरी आला तर सगळ्या मंडळीला जेवण घालीन. मंडळी म्हणजे आमच्या देवळात उपासनेला येणारी वस्तीवरची माणसं. आम्ही ख्रिस्ती. नवस करणं हे आपलं नव्हे, असं पाळकसाहेब सांगतात. आम्ही नवस करतोच, फक्त त्याला उपकारस्तुती म्हणतो. देवळात कुटुंबानं पुढे उभं राहायचं, पाळकसाहेबांनी देवाचे आभार मानायचे, आणि मग मांडवात सगळ्यांनी मटण खायचं. मटणाशिवाय झालेली उपकारस्तुती मी तोवर पाहिली नव्हती.

ही नव्वदनंतरची गोष्ट आहे. राहुरीपासून थोड्या अंतरावर, मुळेच्या कालव्यालगत आमची वस्ती. मी मिशनच्या शाळेत चौथीपर्यंत शिकले आणि पुढे दवाखान्यात आया म्हणून तीस वर्षं नोकरी केली. लोकांची घाण काढण्यात आयुष्य गेलं, त्यामुळे मला सहसा कशाची किळस येत नाही. त्या वर्षी मात्र आली, आणि ती माणसांची आली.

नवरा मालट्रकवर ड्रायव्हर होता. मुलगा कॉलेजात असतानाच तो वारला. मुलगा हुशार निघाला, फौजेत गेला, तिथे विमान चालवायला शिकला. काही वर्षांनी फौज सोडून परदेशातल्या एका कंपनीत लागला. ही विमानं माणसांची नव्हती, मालाची होती. मी म्हणायचे, बापानं जमिनीवर ट्रक चालवला, हा आभाळात चालवतो. लोकांना ते आवडायचं नाही. त्यांना विमान म्हटलं की टोपी, गोरी हवाईसुंदरी असं काहीतरी हवं असायचं.

एका पावसाळ्यात त्याचं विमान तिकडे दूर आफ्रिकेत उतरताना धावपट्टी सोडून पुढे गेलं. दोघं पायलट होते, एक वरिष्ठ आणि एक माझा मुलगा. दोघं वाचले. सरकारनं दोघांचे पासपोर्ट काढून घेतले आणि चौकशी होईतो ठेवून घेतलं. देशाचं नाव मी लिहीत नाही. त्या देशाचं काही चुकलं नव्हतं.

सुरुवातीला घर माणसांनी भरलं. जो येई तो आधी रडे आणि मग विचारी, "विमानात काय माल हुता?" पंधरा दिवसांत वस्तीवर ठरूनही गेलं, की सोनं होतं. मग माणसं यायची थांबली. मी दर रविवारी पाळकसाहेबांच्या हातात प्रार्थनेची चिठ्ठी द्यायचे. आमच्याकडे ही रीत आहे. कुणाचं आजारपण असो, परीक्षा असो, चिठ्ठी द्यायची आणि पाळकसाहेब ती वेदीवरून वाचतात. पहिले काही रविवार त्यांनी माझ्या मुलाचं नाव घेऊन वाचली. पुढे नाव गेलं आणि 'परदेशातील एका बांधवासाठी' असं झालं. मग नुसतं 'प्रवासात असणाऱ्यांसाठी'. मी एकदा विचारलं, तेव्हा म्हणाले, "बाई, पोलिसाची भानगड आहे. चर्चचं नाव नको यायला."

त्याची सोयरीक झालेली होती. मुलीचे वडील शाळामास्तर. त्यांचं आंतरदेशीय पत्र आलं. चारही बाजूंनी भरून लिहिलं होतं, बायबलातली वचनंसुद्धा घातली होती. पत्राचा अर्थ एवढाच होता, की आमची मुलगी आम्ही दुसरीकडे बघतो. मी ते पत्र चुलीत घातलं.

असं जवळजवळ वर्ष गेलं. मग पाळकसाहेबांच्या बंगल्यावर फोन आला, की दोघं सुटले, अमुक दिवशी मुंबईला उतरतात. चौकशीत विमानाच्या ब्रेकचा दोष निघाला होता.

ही बातमी नगरच्या पेपरात आली आणि माझं घर पुन्हा भरलं. या वेळी सोन्याचं कुणी विचारलं नाही. माझा दीर काष्टीच्या बाजारात गेला आणि उपकारस्तुतीसाठी बोकड घेऊन आला. चांगला दांडगा, वयात आलेला, न खच्ची केलेला. अशा बोकडाला जो दर्प येतो तो ज्याच्या घरी बोकड बांधला आहे त्यालाच कळतो. तो स्वतःच्याच दाढीवर मुततो. मी त्याला मागच्या दारी शेवग्याला बांधला, तरी पिठाच्या डब्यापर्यंत वास येत होता.

वस्तीच्या तोंडाशी एक पुढारी राहायचा. त्याला जिल्हा परिषदेचं तिकीट हवं होतं. आमच्या वस्तीतली मतं त्याला कधी मिळाली नव्हती, कारण त्याच्या घरी आमच्या माणसांना चहा वेगळ्या कपात मिळायचा. तो मोटारसायकलवरून माझ्या दारात आला.

"मावशी, पोरगं आपलं हाय. स्वागत आमी करनार. तुमी फकस्त डोळं भरून बघायचं."

"कशाचं स्वागत?"

"आता काय सांगावं! शत्रूच्या तावडीतनं सुटून येतोय."

"तिकडं शत्रू कुटं हाय? तिकडं मानसं मेली हायेत, म्हनून धरलं हुतं."

"ते असू द्या वो. बँड सांगितलाय."

मुलगा दुपारी आला. मुंबईहून त्याला आणायला दीर जीप घेऊन गेला होता. दुसरा पायलट विमानतळावरूनच आपल्या घरी गेला, कुणाशी न बोलता, असं दीर म्हणाला. वस्तीच्या फाट्यावर जीप अडवून मुलाला उतरवलं आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत उभं केलं. ट्रॉलीला कापडी फलक होता. त्यावर लिहिलं होतं, गगनवीराचे हार्दिक स्वागत. माझा मुलगा हडकला होता. पॅन्ट पट्ट्यानं चुणून बांधली होती. त्याच्या डोक्यावर फेटा बांधला तो कानांवर आला. बँड सिनेमाची गाणी वाजवत होता. पुढे नाचणाऱ्यांत तेच होते, ज्यांनी सोन्याची गोष्ट पिकवली होती. एकाच्या तोंडाला दारूचा वास येत होता, आणि त्या तोंडानं तो माझ्या मुलाच्या हाताचे मुके घेत होता.

शाळेपुढे सत्कार झाला. शाल घातली. शालीच्या टोकाला टाचणीनं एक चिठ्ठी लावलेली होती, तिच्यावर कुठल्या तरी निवृत्त तलाठ्याचं नाव होतं. म्हणजे ती शाल एकदा अंगावरून उतरून पुन्हा पुढाऱ्याच्या कपाटात गेलेली होती. डांबराच्या गोळ्यांच्या वासानं मुलाला शिंका आल्या. पुढारी बोलायला उभा राहिला.

"त्या काळ्या लोकान्नी आपल्या वाघाला वरीसभर डांबून ठिवला! दोष त्या म्हाताऱ्या पायलटाचा, आन् भोगलं आपल्या लेकरानं!"

टाळ्या पडल्या. मी पुढच्या रांगेत खुर्चीवर बसले होते. तिकडच्या माणसांना तो काळे म्हणाला. हाच माणूस आमच्या पाठीमागे आम्हाला काय म्हणतो ते मला माहीत होतं. तरीही मी उठून गेले नाही. पोरगं घरी आलं होतं, म्हणून बसून राहिले. ते लिहायला हवं.

मुलाला बोलायला सांगितलं. तो म्हणाला, "तिथे पाच माणसं गेली." पुढाऱ्यानं त्याच्या हातातून माईक अलगद काढून घेतला. "लेकराला भरून आलंय," म्हणाला आणि नारळ दिला. बँड पुन्हा सुरू झाला.

घरी आल्यावर तो सरळ मागच्या दारी जाऊन धुण्याच्या दगडावर बसला. बोकड त्याच्यापासून हातभर अंतरावर होता. मी म्हटलं, "घरात ये, तितं घान वास येतोय." तो म्हणाला, "येऊ दे."

त्याचं जेवण गेलं होतं. भाकरीचा एक तुकडा मोडायचा, तो बोटांत फिरवत बसायचा. तीन दिवस मी बघितलं. चौथ्या दिवशी मी तांदूळ निवडत बसले होते, तेव्हा तो शेजारी येऊन बसला आणि न विचारता सांगू लागला.

धावपट्टी ओली होती. पट्टीच्या शेवटी तारेचं कुंपण आणि कुंपणाला लागून बाजार. आपला काष्टीचा बाजार भरतो तसा, फक्त जनावरांऐवजी वाळलेले मासे, कंदमुळं, कापड. बाया जमिनीवर फडकी पसरून बसतात. विमान कुंपण तोडून त्या बायांवर गेलं.

"त्ये पाच जन कोन हुते?"

"चार बाया आणि एक हमाल."

"ब्रेकचा दोष निगाला नव्हं?"

"ब्रेक लागले नाहीत, ते खरंच आहे. पण त्याआधीच आम्ही फार पुढे येऊन टेकत होतो. वरिष्ठ म्हणाले, परत वर घे. मी म्हणालो, बसतंय, बसेल. विमान मी उतरवत होतो, आई. ते नव्हते."

तांदळातला खडा माझ्या हातात होता. तो मी तसाच धरून राहिले.

"त्येंनी सांगितलं का चौकशीत?"

"नाही. ते म्हणाले, विमान माझ्या ताब्यात होतं, जे झालं ते माझ्यावर. मी गप्प राहिलो."

मग मी जे बोलले ते आजही मला तोंडातल्या कडू चुळीसारखं लागतं. मी म्हणाले, "ह्ये कुनाला सांगू नको. सुटलास ना? झालं. तुज्या बापानं सांगितलं हुतं का कुनाला?"

"कशाचं?"

त्याला माहीत नव्हतं. नवऱ्याच्या ट्रकखाली श्रीरामपूरच्या रस्त्याला एक सायकलवाला गेला होता, मुलगा तेव्हा पाळण्यात होता. नवरा ट्रक तिथेच टाकून उसातून पळून आला. ट्रकमालकानं वकील दिला, मिटलं. नवऱ्यानं पुन्हा तो विषय काढला नाही. मीही विचारलं नाही. ट्रकवाल्यांच्या घरात असंच चालतं. माणूस पळून आला की बायको आधी दाराला कडी घालते आणि मग पाणी देते.

मुलगा म्हणाला, "म्हणून अण्णा त्या रस्त्यानं जायचे नाहीत होय. वळसा घालून बेलापूरवरून जायचे. मला वाटायचं, तिकडे चहा चांगला मिळतो."

मला वाटलं होतं तो चिडेल. तो चिडला नाही. तिथलंच पुढे सांगत राहिला. त्यांना तुरुंगात ठेवलं नव्हतं, सरकारी विश्रामगृहात ठेवलं होतं. खिडकीतून तो बाजार दिसायचा. आठच दिवसांनी बाजार परत भरला, पण त्या बायांच्या जागा मोकळ्या होत्या. शेजारणी फडकी थोडी थोडी आखडून बसायच्या. दोन महिन्यांनी त्या जागा भरल्या. जेवण घेऊन एक बाई यायची. भांडं ठेवायची, कालचं उचलायची, जायची. बऱ्याच दिवसांनी पहाऱ्यावरच्या शिपायानं सांगितलं, की मेलेल्यांतली एक तिची बहीण.

मी विचारलं, "थुकून न्हाई दिलं तिनं?"

"वरिष्ठांना तेच वाटायचं. ते कळल्यावर चार दिवस जेवले नाहीत. मी जेवलो. चांगलं असायचं, आई. मीठसुद्धा बरोबर."

"मग आता का जेवत न्हाईस?"

"इथं मला सगळे भरवायला बघतात."

तेव्हा मी तांदळाचं सूप खाली ठेवलं. मी त्याला गप्प बसायला सांगितलं होतं, पुढाऱ्यानं माईक काढून घेतला होता. दोन्ही एकच झालं होतं. मला माझीच किळस आली.

रविवार उपकारस्तुतीचा ठरला होता. तो म्हणाला, "मी पुढे उभा राहणार नाही."

"मी देवाला बोललेय."

"पाच माणसं मेली, त्यात मी वाचलो, याचे आभार कसे मानायचे?"

"त्येंच्या मरनाचं न्हाई, तुज्या सुटकेचं."

"ते वेगवेगळं काढता येत असेल तर तू काढ."

त्याच्याकडे त्या पाचही जणांची नावं होती. शिपायाकडून लिहून घेतलेली, पासपोर्टच्या कव्हरात ठेवलेली. मी तो कागद मागून घेतला आणि माझ्या अक्षरात एका चिठ्ठीवर उतरवला. खाली लिहिलं, यांच्या मागे राहिलेल्या घरच्यांसाठी प्रार्थना करावी. मेलेल्यांसाठी आमच्यात प्रार्थना करत नाहीत, हे मला माहीत होतं, म्हणून मागे राहिलेल्यांसाठी लिहिलं. शनिवारी सकाळी पाळकसाहेबांना नेऊन दिली. त्यांनी चष्मा लावून वाचली.

"बाई, ही नावं कोणाची?"

मी सांगितलं.

"हे ख्रिस्ती होते का?"

"विचारलं न्हाई."

"आनंदाचा दिवस आहे. मरणाचा विषय कशाला? पाहुणे येणार, जिल्हा परिषदेचे साहेब येणार." त्यांनी चिठ्ठीची घडी घातली आणि पवित्र शास्त्रात ठेवली. "आपण मनातल्या मनात करू."

"वाचनार न्हाई म्हना की सरळ."

"प्रसंग बघून बघू," ते म्हणाले, आणि लगेच विचारलं, "बोकड किती किलोचा पडेल?"

घरी आले तर मास्तर बसलेले. तेच, आंतरदेशीय पत्रवाले. पेढे आणले होते. माझा मुलगा त्यांच्यासमोर कोरा चहा घेऊन बसला होता. मास्तर म्हणत होते, "दुसरीकडे बघितलं, पण मुलीचं मन काही लागेना. देवाची योजनाच असते." मग हळूच विचारलं, "लायसनचं काय? परत मिळणार ना?"

"माहीत नाही," मुलगा म्हणाला. "मी मागणार नाही कदाचित."

मास्तरांनी पेढ्याचा पुडा उघडला होता. त्यांनी त्यातला एक स्वतःच खाल्ला आणि पुडा पुन्हा बंद केला. जाताना तो पुडा त्यांनी पिशवीत टाकला. मी ते डोळ्यांनी पाहिलं आहे. मुलाकडे बघितलं तर तो हसत होता. आल्यापासून पहिल्यांदा.

रविवारी तांबडं फुटायच्या आत खाटीक आला. मी त्याला चहा दिला आणि म्हटलं, "तू जा माघारी."

"आन् बोकड?"

"ऱ्हाऊ दे."

मग स्वयंपाकाला आलेल्या बायांना मी सांगितलं, की मसाला वाटू नका. ज्वारीचं पीठ काढा आणि बेसन चाळा. पिठलं-भाकरी करायची. बाया माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. आमच्याकडे मर्तिकाच्या घरी चूल पेटत नाही. शेजारपाजारचे पिठलं-भाकरी करून नेतात. ख्रिस्ती झालो म्हणून ते काही बदललेलं नाही. मांडव घालून, मंडळी बोलावून पिठलं-भाकरी कुणी करत नाही. कुणाच्या डोक्यातही येत नाही.

माझी धाकटी जाऊ तोंडाची फटकळ. ती म्हणाली, "अक्का, कुनाचं मयत हाय का काय?"

"हाय."

"कुनाचं?"

"पाच जनांचं. तिकडं."

"आन् आपन काय त्येंचं भाऊबंद हाय?"

"आपल्या पोराच्या हातनं गेलेत. आता काय म्हनायचं ते म्हन."

जाऊ कमरेवर हात ठेवून उभी राहिली, मग म्हणाली, "लसूण तरी घालू का त्यातबी सुतक?" आणि बसली भाकरी थापायला.

देवळात मी पुढे एकटीच उभी राहिले. मुलगा मागच्या बाकावर बसला. पाळकसाहेबांनी आभार मानले, लांबलचक. दानिएलाला सिंहांच्या गुहेतून सोडवलं तसं सोडवलंस, म्हणाले. चिठ्ठी शास्त्रातच राहिली. मी शेवटपर्यंत वाट पाहिली, मग आमेन म्हटलं.

मग पंगत. पत्रावळी मांडल्या. माणसं हात धुऊन बसली होती. पुढारी पाळकसाहेबांच्या शेजारी. मुलांनी पाणी वाढलं, कांदा वाढला, भाकरी वाढली. तोवर ठीक होतं, मटणाबरोबर भाकरी असतेच. मग जाऊ पिठल्याची बादली घेऊन आली आणि पहिल्या पत्रावळीवर पळी ओतली. पिवळं धम्मक. ती पळी पडली तशी पंगतीतली बोलणी थांबली. पुढे पुढे थांबत गेली.

समजावून सांगायची गरज पडली नाही. आमच्या भागात पिठलं पंगतीत वाढलं म्हणजे काय, ते लहान पोरालाही कळतं.

पुढारी म्हणाला, "मावशी, ही काय थट्टा लावलीय?"

"थट्टा न्हाई. जेवा."

"सुतकाचं जेवान आमाला? आनंदाच्या दिवशी?"

"तुमाला आनंद झालाय, दादा. आमच्या घरात पाच मयतं हायेत."

पाळकसाहेब हळू आवाजात म्हणाले, "बाई, तुम्ही देवाला शब्द दिला होता."

"जेवन घालीन म्हनले हुते. काय घालीन, ते न्हाई म्हनले."

तेव्हा माझा मुलगा पंगतीतून उभा राहिला. तो बारक्या पोरांच्या रांगेत बसला होता. म्हणाला, "विमान मी उतरवत होतो. वरिष्ठांनी सांगितलं होतं, वर घे. मी घेतलं नाही." मग त्यानं ती पाच नावं म्हणून दाखवली. कागदावरून नाही. त्याला पाठ होती. नावं अशी होती, की ऐकून दोन-तीन पोरं हसली. हसू देत, तीही नावंच होती.

पुढारी उठला. "असलं चारचौघात बोलायचं नसतंय, पोरा. केस पुन्हा उगडंल," म्हणाला आणि मोटारसायकलकडे गेला. उठता उठता त्याचा पाय पत्रावळीत पडला. पिठल्यानं माखलेला पाय त्यानं आमच्या दारातल्या पायरीवर पुसला. त्याच्यामागून त्याची माणसं उठली. मग मंडळीतलेही उठले. पंगतीतून उठून जाणं म्हणजे यजमानाच्या तोंडात मारणं. आमच्याकडे कुणी कुणाला ते विसरू देत नाही. काही जणांनी जाताना भाकरी खिशात घातली, हेही सांगते. पाळकसाहेब उठले नाहीत, पण जेवलेही नाहीत. पाण्याचा पेला हातात धरून बसून राहिले. मग तेही गेले.

राहिल्या त्या दवाखान्यातल्या दोन जुन्या आया, शेवटच्या रांगेतल्या म्हाताऱ्या, दीर, काही पोरं. दीर मान खाली घालून जेवत होता, कारण बोकड त्याच्या पैशाचा होता आणि त्याला मटण आवडायचं. म्हाताऱ्यांपैकी एक म्हणाली, "माझ्या धन्याच्या दिवसालाबी पिठलं असंच पातळ झालं हुतं."

जाऊ ओरडली, "पातळ न्हाई ते, तुजे दात न्हाईत!"

मुलगा खाली बसला. त्यानं भाकरी चुरली. पिठलं वरून घेतलं. एक भाकरी संपवली, मग दुसरी मागितली. मी वाढली. कुणी त्याच्याकडे बघत नव्हतं. म्हाताऱ्या आपसात दातांवरून भांडत होत्या. तिसरी त्यानं अर्धी घेतली. जाऊनं विचारलं, "मीठ बराबर हाय का?" तो म्हणाला, "बरोबर आहे, काकी."

मी तो महिना देवळात गेले नाही. नंतर गेले, तेव्हा माझ्या बाकावर दुसऱ्या कुणी बसलं नव्हतं, पण शेजारीही कुणी बसलं नाही. पुढाऱ्याला तिकीट मिळालं आणि तो पडला. त्यात आमचा हात नव्हता, तो तेवढ्याच लायकीचा होता. मुलानं वरिष्ठांना पत्र लिहिलं आणि त्यांच्याकडे जाऊन आला. काय बोलणं झालं ते मी विचारलं, या वेळी विचारलं. तो म्हणाला, ते चिडले. म्हणाले, मी झाकलं ते तू कशाला उघडलंस? मग त्यांनी त्याला जेवून जा म्हटलं. विमान त्यानं पुन्हा चालवलं नाही. नगरला एका कारखान्यात यंत्रं सांभाळायला लागला.

बोकड तसाच राहिला. कापायचा कुणाला धीर होईना, विकायला न्यायला दीर तयार होईना. तो आणखी कितीतरी वर्षं जगला. शेवग्याची साल त्यानं खाऊन टाकली, धुण्यातलं माझं लुगडं चघळलं, आणि वास तर दरसाल वाढतच गेला. पाहुणे आले की नाकाला पदर लावून विचारायचे, हा का ठेवलाय? मी म्हणायचे, देवाच्या नावचा आहे. मग पुढे कुणी विचारत नसे.